नोंद कोणी बंद करायची?

प्रभादेवीला, सिद्धिविनायकाच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. आजूबाजूच्या गाळ्यांत छपाई चालते, कागदी खोकी बनतात, चष्म्याच्या काचा घासल्या जातात. आमच्याकडे चार टेबलं, चार संगणक आणि एक फळा. आम्ही दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषांचं दफ्तर सांभाळतो.

ते असं. कोणी एक कंपनी पतपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. काउंटरवरची बाई ते रोज वापरते. एखाद्या दिवशी मुदतठेवीचं व्याज चुकीचं दिसतं. ही गोष्ट सॉफ्टवेअर बनवणाऱ्यापर्यंत पोचायला हवी, तिला क्रमांक मिळायला हवा, कोणीतरी ती अंगावर घ्यायला हवी, आणि दुरुस्ती झाली की ते पुन्हा त्या काउंटरवर कळायला हवं. हा सगळा प्रवास एका ठिकाणी, ब्राउझरमधून आणि मासिक वर्गणीवर करून देणं ही आमची सेवा. आमचे ग्राहक म्हणजे दहा ते पन्नास माणसांच्या सॉफ्टवेअर कंपन्या. काही दादरच्या, काही ठाण्या-पुण्याच्या, थोड्या नाशिक-कोल्हापूरकडच्या.

२००६ साली सुरुवात केली तेव्हा अशा साधनांची वाण नव्हती. मोझिलाचं बगझिला १९९८ पासून होतं, मँटिस होतं, ऑस्ट्रेलियातल्या ॲटलासियन कंपनीचं जिरा २००२ पासून विकलं जात होतं. पण ती बहुधा स्वतःच्या सर्व्हरवर बसवावी लागत आणि तो सर्व्हर सांभाळणारा माणूस पदरी असावा लागे. एका खोलीत आठ जण बसून हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे असा माणूस नसे. त्यांचे दोष एक्सेलच्या यादीत असत, यादी मेलवरून फिरे, आणि आठवड्याभरात कोणती प्रत खरी हेच कोणाला सांगता येत नसे. त्या आठ जणांसाठी आम्ही हे काम उभं केलं.

तेव्हापासून सेवेत असंख्य बदल केले. त्यांतले बहुतेक मला एकाच प्रश्नाकडे घेऊन गेले: एखादी नोंद ‘बंद’ झाली असं म्हणण्याचा अधिकार कोणाचा? वरवर पाहता हा एका बटणाचा प्रश्न आहे. पण हे दफ्तर खरं राहणार की नुसतं देखणं दिसणार, ते त्या बटणावर ठरतं असं आता माझं ठाम मत झालं आहे.

आमचा पहिला फॉर्म बगझिलाच्या वळणाचा होता. विभाग, उपविभाग, आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, ब्राउझर, तीव्रता, प्राधान्य. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना तो आवडला. वापरणाऱ्यांनी त्याला हात लावला नाही. कारण समजून घ्यायला मी लालबागच्या एका पतपेढीत जाऊन बसले. लालबाग-परळला कोकणातल्या गावांच्या मंडळींनी उभ्या केलेल्या पतपेढ्या आहेत. गिरणीतल्या पगारातून वाचवलेला पैसा तिथे साठत आला. काउंटरवरच्या ताईंसमोर पासबुकं घेऊन माणसं उभी होती. कोणाला गावी जायचं होतं, कोणाच्या मुलीचं लग्न होतं. रांगेच्या मधेच पडद्यावर चुकीचा आकडा आला. ताईंनी पेन्सिलीनं बरोबर आकडा काढला, खातेदाराला दिला आणि पुढच्याला बोलावलं. दोषाची नोंद करायला त्यांच्याकडे फार तर एक मिनिट होतं, आणि आमचा फॉर्म त्यांना ‘उपविभाग’ विचारत होता.

तिथून परतल्यावर फॉर्ममध्ये तीनच प्रश्न ठेवले. काय करत होता? काय व्हायला हवं होतं? काय झालं? जोएल स्पोल्स्की या अमेरिकन प्रोग्रामरनं २००० सालीच लिहून ठेवलं होतं की चांगल्या नोंदीला या तीन गोष्टी पुरतात. वाचलेलं होतंच, पण ते पटलं लालबागच्या रांगेत. ब्राउझर कोणता, आवृत्ती कोणती, वेळ काय, हे सगळं यंत्रानं स्वतः टिपावं अशी व्यवस्था केली. तीव्रतेचे पाच इंग्रजी स्तर काढून टाकले आणि तीन साधे पर्याय दिले: ‘काम थांबलं आहे’, ‘वळसा घालून काम चालतं’, ‘खटकतं’. प्राधान्य विचारणं बंद केलं. आधी काय दुरुस्त करायचं हे कंपनीनं ठरवावं. आपलं काम कुठे अडलं हे वापरणाऱ्यानं सांगावं.

नेमकी लिहिलेली नोंद किती मोलाची असते ते १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा दिसलं. आमचे बरेच ग्राहक व्यापाऱ्यांची बिलं बनवणारं सॉफ्टवेअर लिहिणारे. त्या आठवड्यात नोंदींचा पूर आला. बहुतेकांत ‘टॅक्स चुकतोय’ एवढंच होतं. एका कंपनीतल्या नव्या टेस्टर मुलीनं मात्र असं लिहिलं: ९९ रुपये ५० पैशांचं बिल केलं, दर १८ टक्के, कर १७ रुपये ९१ पैसे यायला हवा होता, केंद्राचे ९ टक्के आणि राज्याचे ९ टक्के वेगवेगळे काढल्यावर दोन्हीकडे ८ रुपये ९६ पैसे आले आणि बेरीज १७ रुपये ९२ पैसे झाली. एवढ्या ओळींत दोष जागच्या जागी उघडा पडला. ८ रुपये साडेपंच्याण्णव पैसे दोनदा वरच्या पैशाला नेले की एक पैसा जास्त होतो. ती नोंद वाचून प्रोग्रामरला काहीच विचारावं लागलं नाही. नव्या ग्राहकांना नोंद कशी लिहावी हे शिकवताना मी आजही हेच उदाहरण देते.

फॉर्म सोपा झाला आणि लोक मराठीत लिहू लागले. मला त्याचा फार आनंद झाला, कारण अडचण ज्या भाषेत जाणवते त्या भाषेत ती नेमकी मांडता येते. पण मराठी मजकूर आत येताच आमच्याच सेवेतले लपलेले दोष एकेक करून वर आले.

पहिला मेलच्या विषयाच्या ओळीचा. मेलची मूळ रचना फक्त इंग्रजी चिन्हांसाठी झालेली आहे. मराठी विषय पाठवायचा तर त्याचं रूपांतर करून तुकडे पाडावे लागतात, आणि नियमाप्रमाणे एक तुकडा ७५ चिन्हांहून लांब असता कामा नये. हिशेब केला तर एका तुकड्यात मूळ मजकुराचे ४५ बाइट बसतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे बरोबर १५ चिन्हं. पण दोन शब्दांमधली मोकळी जागा १ बाइटची. ती आली की हिशेब सरकतो आणि तुकडा एखाद्या वेलांटीच्या मधोमध पडतो. चिन्ह मधून तोडू नये असंही नियम सांगतो. आम्ही वापरत होतो ती तयार लायब्ररी तेवढं पाळत नव्हती. त्यामुळे एकाच शब्दाचा विषय नीट पोचे आणि मोठ्या वाक्यात मधेच काळे चौकोन उगवत. हा दोष फक्त मराठीत लिहिणाऱ्याला दिसणारा होता. तो सांगणारं कोणी नसतं तर आमच्या चाचण्यांत तो कधीच सापडला नसता.

दुसरा शोधाचा. ‘ॲ’ हे अक्षर एकाच चिन्हानं लिहिता येतं; युनिकोडमध्ये ते २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीपासून लोक ‘अ’ लिहून त्यावर वेगळा चंद्र देत. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठी वर्णमाला प्रमाणित केली आणि ‘ॲ’, ‘ऑ’ यांना स्वरांत जागा दिली, पण कळफलकांवरच्या सवयी तशाच राहिल्या. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चंही तेच, तोही दोन प्रकारे लिहिला जातो. परिणाम असा की एकानं नोंदवलेला दोष दुसऱ्याला शोधून सापडत नसे आणि तो तीच नोंद पुन्हा करी. आम्ही शोधासाठी मजकुराची वेगळी, एकसारखी केलेली प्रत ठेवू लागलो. लिहिणाऱ्याचा मूळ मजकूर मात्र तसाच राहू दिला.

तिसऱ्या दोषानं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. मोबाइलवरून नोंद करण्याची सोय दिल्यावर काही नोंदींत ‘नमस्कार’ एवढा एकच शब्द येऊ लागला. प्रोग्रामर वैतागत, ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारत आणि नोंद बंद करत. खरा प्रकार असा होता की लोक ‘नमस्कार’ लिहून पुढे हात जोडल्याचं चित्रचिन्ह टाकत आणि मग अडचण सविस्तर सांगत. आमच्या डेटाबेसची जुनी मांडणी एका चिन्हासाठी ३ बाइट राखून होती. देवनागरीला ते पुरतात, त्या चित्रचिन्हाला ४ लागतात. डेटाबेस ते चिन्ह आणि त्याच्या पुढचा सगळा मजकूर टाकून देत होता. ४ बाइटची मांडणी मायएसक्यूएलमध्ये २०१० पासून उपलब्ध होती, तिच्यावर सगळ्या तक्त्यांचं स्थलांतर केलं आणि अशा प्रत्येक नोंदकर्त्याला पत्र लिहून अडचण पुन्हा विचारली. पण मनात राहिलं ते वेगळंच. नम्रपणे बोलणाऱ्याचंच बोलणं कापलं जात होतं, आणि ते कापलं गेलंय हे त्याला न विचारता वर ‘बंद’चा शिक्का बसत होता.

या सेवेचा सर्व्हर सुरुवातीला अमेरिकेत भाड्यानं घेतलेला होता. गंमत म्हणजे आमच्या प्रभादेवीतच विदेश संचार निगमचं, म्हणजे आताच्या टाटा कम्युनिकेशन्सचं, समुद्राखालच्या केबलचं केंद्र आहे. फ्लॅगसारखी इंग्लंडपासून जपानपर्यंत गेलेली केबल तिथे किनाऱ्याला लागते. तरीही ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या तेव्हा आमची पानं उघडायला मिनिट-मिनिट लागू लागलं. लोक नोंद लिहीत, ‘पाठवा’ दाबत आणि सगळा मजकूर हरवे. तेव्हापासून दोन गोष्टी ठरल्या. पानाचं वजन कमीत कमी ठेवायचं, आणि माणसानं लिहिलेली ओळ त्यानं ‘पाठवा’ म्हणायच्या आधीपासूनच जपायची. २०१६ च्या जूनमध्ये ॲमेझॉननं मुंबईत आपली सर्व्हरकेंद्रं सुरू केली आणि आम्हीही तिकडे आलो. अंतर मिटलं, पण पान हलकं ठेवण्याचा नियम आम्ही सोडला नाही, कारण आमचे नोंदकर्ते अजूनही रेंज जाणाऱ्या गल्लीतून लिहितात.

आता बंद करण्याविषयी.

सुरुवातीला आमच्याकडे सगळीकडे चालते तीच पद्धत होती. प्रोग्रामर दोष दुरुस्त करतो, ‘बंद’ म्हणतो, नोंदकर्त्याला मेल जातो. एक दिवस लालबागच्या त्याच ताईंचा फोन आला. ‘‘मॅडम, काम झालं म्हणून मेल आलाय. आमच्याकडे तर आज सकाळीही तेच व्याज येतंय. आता मी नवीन तक्रार करू, की जुनीच पुढे चालू समजू?’’

प्रोग्रामर खोटं बोलत नव्हता. त्यानं दुरुस्ती केली होती. ती त्याच्या संगणकावर होती. तिथून ती टेस्टरकडे जायची होती, मग पुढच्या रिलीजमध्ये, मग कंपनीचा माणूस पतपेढीत येऊन नवी आवृत्ती बसवणार होता. त्याच्या दृष्टीनं काम संपलं होतं, ताईंच्या दृष्टीनं ते सुरूही झालं नव्हतं. आणि आमचं दफ्तर त्याच्या बाजूनं बोलत होतं.

परळच्या केईएममध्ये बाह्यरुग्ण विभागात केस पेपर काढतात. डॉक्टर त्यावर तपासणी लिहितात, औषध लिहितात, पुन्हा कधी यायचं ते लिहितात. पण पुढच्या खेपेला पहिला प्रश्न पेशंटलाच असतो: आता कसं वाटतंय? औषध दिलं हे डॉक्टर सांगू शकतात. आराम पडला हे पेशंटच सांगू शकतो. आमची नोंदही तशीच हवी होती.

म्हणून रचना बदलली. प्रोग्रामर ‘दुरुस्त केलं’ म्हणू शकतो. टेस्टर ‘तपासलं’ म्हणू शकतो. कंपनी ‘नव्या आवृत्तीत दिलं’ म्हणू शकते. ‘बंद’ हे बटण फक्त नोंदकर्त्याकडे. नवी आवृत्ती त्याच्यापर्यंत पोचली की त्याला एकच प्रश्न जातो आणि दोनच उत्तरं असतात: ‘जमलं’ किंवा ‘अजून तसंच’. एकच दोष अनेकांनी सांगितला असेल तर नोंदी एकमेकींना जोडल्या जातात, पण कोणाचीच नोंद दुसऱ्याच्या नावावर मिटत नाही. प्रत्येकाला हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला जातो, कारण दादरच्या दुकानात जमलेलं काम डोंबिवलीच्या दुकानात जमलंच असेल असं नाही.

बगझिलामध्ये ‘माझ्याकडे चालतं’ या अर्थाचं एक कारण देऊन नोंद मिटवता येते. ते कारण आम्ही काढून टाकलं. प्रोग्रामरच्या संगणकावर दोष दिसत नसेल तर त्याचा अर्थ एवढाच की अजून माहिती हवी. ती कोणती, हे त्यानं विचारायचं.

अडचण होती ती उत्तर न देणाऱ्यांची. माणसं कामात असतात, नोकरी बदलतात, विसरतात. अशा नोंदींचं काय करायचं यावर आमच्या गाळ्यात पुष्कळ वाद झाले. शेवटी त्यांचा वेगळा गठ्ठा केला: ‘दुरुस्ती दिली, उत्तर आलं नाही’. दोन स्मरणपत्रांनंतर नोंद तिथे जाते. ती उघडी नाही, बंदही नाही. तिच्याबद्दल आम्हाला जेवढं ठाऊक आहे तेवढंच दफ्तर सांगतं.

हे सर्वांना रुचलं नाही. एका ग्राहक कंपनीच्या व्यवस्थापकांनी आग्रह धरला की आठवड्यात उत्तर नाही आलं तर नोंद आपोआप बंद समजावी. मोठ्या साधनांत अशी सोय मिळते. त्यांच्या वरिष्ठांना दर महिन्याला बंद नोंदींचा आकडा दाखवायचा असे आणि आमच्या रचनेत तो घसरला होता. ‘‘तुम्ही आमच्या मुलांची मेहनत लपवताय,’’ असं ते म्हणाले. मी त्यांना ‘दुरुस्त केलं’चा आकडा वेगळा दाखवून दिला, पण त्यांना ‘बंद’च हवं होतं. आम्ही ती सोय दिली नाही आणि ते ग्राहक गेले. आमच्याएवढ्या सेवेत एक ग्राहक म्हणजे एकाचा पगार. तरीही तो निर्णय बरोबर होता असंच मला आजही वाटतं. एकदा ‘बंद’चा अर्थ सैल झाला की दफ्तरातल्या प्रत्येक बंद नोंदीवरचा विश्वास जातो.

पण त्यांच्या आग्रहाच्या मुळाशी काय होतं, याचा विचार मी बराच काळ करत राहिले. ते भीतीपोटी बोलत होते. बंद नोंदींचा आकडा पडला की त्यांच्या मुलांना जाब विचारला जाणार होता. अशाच दुसऱ्या एका ग्राहकानं मागणी केली होती की कोणत्या प्रोग्रामरच्या नावावर किती दोष, असा तक्ता द्या. मला माझ्या आजोबांची आठवण झाली. ते तरुणपणी इथल्याच एका गिरणीत साळखात्यात होते. मागावरून उतरलेलं कापड तपासायला जाई. डाग दिसला, धागा तुटलेला दिसला की विणकराला दंड. काही ठिकाणी खराब कापड विणकरालाच घ्यायला लावत आणि त्याची किंमत पगारातून कापत. सूत मुळातच कच्चं असलं तरी दोष मागावरच्या माणसाचा. १९३६ च्या वेतन कायद्यानं अशा दंडाला आणि कपातीला मर्यादा घातली, ती कामगारांनी वर्षानुवर्षं केलेल्या तक्रारींनंतर. आजोबा म्हणत, दंड असतो तिथे माणूस पहिल्यांदा डाग लपवायला शिकतो.

आमच्या कामात हे शब्दशः खरं आहे. दोषांचा आकडा माणसाच्या नावावर चढू लागला की टेस्टर आपल्या मित्राचा दोष कानात सांगतो, नोंदवत नाही. प्रोग्रामर ‘हा दोष नाहीच’ म्हणून वाद घालतो. अवघड काम कोणी अंगावर घेत नाही, कारण अवघड कामात दोष जास्त निघतात. म्हणून आमच्या सेवेत व्यक्तीनुसार दोषांची मोजणी होत नाही. सॉफ्टवेअरच्या कोणत्या भागात दोष पुन्हा पुन्हा येतात, कोणत्या रिलीजनंतर वाढतात, आणि माणसाला उत्तरासाठी किती दिवस थांबावं लागतं, एवढंच मोजलं जातं. सूत कुठे कच्चं आहे ते त्यातून कळतं.

या बाबतीत मला सगळ्यात मोठा आधार डेबियनचा वाटत आला आहे. जगभरचे स्वयंसेवक मिळून चालवतात अशी ही मुक्त संगणकप्रणाली. १९९४ पासून तिचं दोषांचं दफ्तर मेलवर चालतं. कोणीही मेल पाठवून नोंद करू शकतो. १९९७ मध्ये त्यांनी आपल्या वापरकर्त्यांना जाहीर वचन दिलं की आम्ही दोष लपवणार नाही, आमचं दफ्तर सदैव सगळ्यांसाठी उघडं राहील. आमच्या ग्राहकांचं दफ्तर व्यापारी कारणांमुळे उघडं ठेवता येत नाही. खातेदारांच्या नावांचे, शिलकेचे स्क्रीनशॉट त्यात जोडलेले असतात. पाठवण्याआधी तो भाग काळा करण्याची सोय आम्हाला फॉर्ममध्येच द्यावी लागली. पण ज्यानं दोष सांगितला त्याच्यापासून त्याच्या नोंदीचं काहीच लपवायचं नाही, एवढं आम्ही डेबियनकडून घेतलं. त्याची नोंद कोणाकडे आहे, किती दिवस पडून आहे, त्यावर काय बोलणं झालं, हे सगळं त्याला दिसतं.

२९ सप्टेंबर २०१७ ला, खंडेनवमीच्या सकाळी, एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. अचानक पाऊस आला होता, लोक जिन्यात थांबले होते, गाड्यांमधून आणखी लोक उतरत होते. २३ माणसं गेली. आमच्या इस्टेटमधल्या प्रत्येकाच्या येण्या-जाण्याचा तो रस्ता. आम्ही यंत्रांच्या पूजेची तयारी करत होतो. ती तशीच राहिली आणि दिवसभर एकमेकांना फोन करत बसलो.

पूल अरुंद आहे हे तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे आले, उतरणारी माणसं कितीतरी पटींनी वाढली, पूल तेवढाच राहिला. प्रवाशांनी सांगितलं होतं, लोकप्रतिनिधींनी पत्रं लिहिली होती, नवा पूल कागदावर मंजूरही झालेला होता. दुर्घटनेनंतर लष्करानं तिथे नवा पूल उभारला आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला तो खुला झाला. त्याच वर्षीच्या जुलैत एल्फिन्स्टन रोड स्टेशनाला प्रभादेवी हे नाव मिळालं.

त्यानंतर मी आमच्या सेवेतली एक यादी उघडून बसले. ‘दुरुस्ती ठरली’ असा एक टप्पा आमच्याकडे होता. कंपनीनं तो लावला की नोंद पहिल्या पानावरच्या उघड्या यादीतून खाली जाई; ठरलंय म्हणजे झाल्यासारखंच, असा त्यामागचा विचार. काही नोंदी त्या टप्प्यावर वर्षाहून अधिक काळ पडून होत्या. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं, कारण पाहण्याचं कारणच यादीनं काढून घेतलं होतं. आम्ही तो नियम मोडला. मंजुरी मिळो, तारीख मिळो, माणूस नेमला जावो. जोवर नोंदकर्ता ‘जमलं’ म्हणत नाही, किंवा नोंद उत्तर न आलेल्यांच्या गठ्ठ्यात जात नाही, तोवर ती पहिल्या पानावर राहते आणि तिच्यापुढे तिचं वय दिसतं. ‘काम थांबलं आहे’ या प्रकारातल्या नोंदी वयाप्रमाणे सगळ्यात वर. बिलाच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषानं सहसा कोणाचा जीव जात नाही. पण मंजूर झालेलं आणि झालेलं यांत केवढं अंतर असू शकतं ते त्या पुलानं दाखवलं, आणि ते अंतर झाकणारी यादी आमच्या हातून चालवली जाऊ नये असं मला वाटलं.

आता लोक आवाजात अडचण सांगू पाहतात. मोबाइलवर बोलून पाठवणं लिहिण्यापेक्षा सोपं जातं, विशेषतः काउंटरवर. सध्या आम्ही त्यावर काम करतो आहोत. आवाजाचा मजकूर यंत्र करून देतं, पण मालवणी किंवा कोल्हापुरी वळणाचं बोलणं ते अजून नीट पकडत नाही. म्हणून मूळ आवाज नोंदीसोबत जपतो आणि यंत्रानं केलेला मजकूर आधी बोलणाऱ्यालाच वाचायला देतो: तुम्ही हेच म्हणालात का? त्याचा होकार येईपर्यंत ती नोंद पुढे जात नाही. बंद करण्याचा जो नियम, तोच उघडण्याचा.

नव्या मुलांना मी दर सोमवारी एकच आकडा पाहायला सांगते. किती दोष बंद झाले तो नव्हे; आम्ही ‘दुरुस्त’ म्हटलेल्यांपैकी कितींना समोरच्या माणसानं ‘अजून तसंच’ म्हटलं, तो. तो शून्य असेल तर मी खूश होत नाही. लोकांनी सांगणं सोडलं आहे का, हे पाहायला एखाद्या ग्राहकाकडे जाऊन बसते. तो थोडासा असेल आणि त्या प्रत्येक ‘अजून तसंच’चं पुढे काय झालं हे दफ्तरात दिसत असेल, तर ते दफ्तर जिवंत आहे असं समजते.

वाचकांपैकी बहुतेकजण कधी ना कधी अशा एखाद्या पडद्यापुढे अडलेले असतील, बँकेत, शाळेच्या फीसाठी, वीजबिल भरताना. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. अडलात तर सांगा, तीन ओळींत सांगा: काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं. आणि पुढे कधी ‘जमलं का?’ असा प्रश्न आला तर तो वाचून सोडून देऊ नका. नोंद बंद करण्याचा अधिकार आम्ही तुमच्या हाती ठेवला आहे, आणि तुम्ही दिलेल्या उत्तराशिवाय पलीकडच्या प्रोग्रामरला आपलं काम खरोखर झालं की नाही ते कळायचा दुसरा मार्ग नाही.